कडी आतून उघडलीच पाहिजे



रविवारच्या पुरवणीत घाबरण्याची हौस भागवणाऱ्या ‘एस्केप रूम’चं कौतुक वाचलं आणि राहवलं नाही. भाचीचा 16वा वाढदिवस म्हणून मी याच आठवड्यात तिला आणि तिच्या चार मैत्रिणींना अशा एका ठिकाणी घेऊन गेले होते. तळघर, प्लायवूडच्या भिंती, छताला काळं कापड, मिट्ट काळोख. मोबाइल लॉकरमध्ये ठेवून घेतले. काही झालं तर जबाबदारी आमची, अशा कागदावर सह्या घेतल्या आणि दाराला बाहेरून कडी घातली. आग लागली तर काय, असं आधीच विचारलं होतं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, कॅमेऱ्यात दिसतं ना आम्हाला.” तीन खोल्यांचे कॅमेरे तो एकटा बघत होता आणि मधेच उठून तिकिटंही देत होता.

पोलंडमधल्या कोशालिन शहरात 4 जानेवारी 2019 रोजी पाच मुली वाढदिवसासाठीच अशा खोलीत गेल्या होत्या. सगळ्या 15 वर्षांच्या. बाहेरच्या खोलीत गॅसच्या हीटरमुळे आग भडकली. तिथल्या कर्मचाऱ्याला ज्वाळांतून त्यांच्यापर्यंत पोहोचता आलं नाही. पाचही जणी कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून गेल्या. आमच्याही पाचच होत्या हो!

त्यात आमच्या खोलीतली भुतं जिवंत, म्हणजे पगारी नट. मुली जितक्या किंचाळतील तितका खेळ रंगला म्हणायचं, मग खरी किंकाळी ओळखायची कोणी? न्यू जर्सीतल्या एका मनोरंजन उद्यानातल्या ‘हाँटेड कॅसल’मध्येही असेच नट होते. 11 मे 1984 रोजी तिथल्या आगीत आठ तरुण मुलं गेली. पाण्याचे स्प्रिंकलर नव्हते, कारण बांधकाम म्हणे तात्पुरतं! आणि राजकोटची आग तर कालपरवाची. मे 2024 मध्ये 27 बळी घेणारं ते गेम झोन अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्याशिवाय चालू होतं.

आपल्याकडे 2006 चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. दर जानेवारीत आणि जुलैत आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे बी-फॉर्म, द्यावा लागतो. तो प्रत्येक खोलीच्या दारावर लावा. आणि ते दार आतून, हाताने, अंधारातही उघडलं पाहिजे. महापालिकेने हे तपासेपर्यंत या खोल्या बंद ठेवाव्यात. धंदा बुडेल, तर बुडू दे.

आणखी एक. आमच्या खोलीचा विषय होता ‘वेड्यांचं इस्पितळ’. पांढऱ्या झग्यातला, हात बांधलेला ‘पेशंट’ गुरगुरत मुलींच्या अंगावर येत होता. हडळ दाखवा, मुंजा दाखवा, खवीस दाखवा. आजारी माणसाला भूत का करता? माझ्या मावशीने आयुष्याची चार वर्षं मनोरुग्णालयात काढली. ती कधी कोणाच्या अंगावर धावून गेली नाही. तिथे ती चटया विणायची. त्यातली एक अजून आमच्या देवघरात आहे.

— एक वाचक, पुणे