व्हिंटेज म्हणताय? मग आधी ड्रेस उलटा करून दाखवा!

मागच्या दिवाळीत मी इन्स्टाग्रामवरच्या एका थ्रिफ्ट पेजवरून ड्रेस घेतला. गडद हिरवा, पांढऱ्या ठिपक्यांचा, कमरेत घट्ट आणि खाली मस्त घेर. फोटोखाली लिहिलं होतं, ‘ऑथेंटिक व्हिंटेज, १९५०ज, यूएसए’. किंमत २,६०० रुपये. थ्रिफ्टच्या मानाने महागच, पण सत्तर वर्षांपूर्वीचा अमेरिकन ड्रेस आपल्या कपाटात असणार या कल्पनेनेच मी हुरळून गेले होते. दोन महिने कॅन्टीनला कात्री लावली आणि पैसे पाठवले.

ड्रेस आला, आवडलाही. फक्त कमरेत जरा आवळत होता, म्हणून गल्लीतल्या टेलरकाकांकडे नेला. काकांनी तो पुढून पाहिलाच नाही. हातात घेतला आणि सरळ उलटा केला. आतली शिवण चाचपली आणि म्हणाले, “माया आहे आत, होईल सैल.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, “किती जुना म्हणालीस?” मी ऐटीत सांगितलं, “सत्तर वर्षं.” काका हसले. “अगं, चेन बघ की. प्लॅस्टिकची आहे. आणि आतून सगळीकडे ओव्हरलॉक मारलंय. सत्तर वर्षांपूर्वीचा कसला हा?”

त्या दिवसापासून माझं एक ठाम मत झालंय. व्हिंटेज हा शब्द कुणाच्याही तोंडी ऐकलात, तर आधी ड्रेस उलटा करून बघा. बाहेरची बाजू काहीही दाखवू शकते. आतल्या बाजूला खोटं बोलणं फार अवघड जातं.

आपण फसतो ते आकारामुळे. बारीक कंबर आणि मोठा घेर दिसला की आपल्याला वाटतं, पन्नासचं दशक. फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसमध्ये ख्रिश्चन डिऑरने पहिलं कलेक्शन दाखवलं, त्याला ‘न्यू लूक’ हे नाव पडलं आणि पुढची दहा वर्षं तोच आकार जगभर चालला, हे खरं. पण फॅशन फिरून फिरून येते. ऐंशीच्या दशकात पन्नासचा घेर परत आला होता, सत्तरच्या दशकात तीस-चाळीसचे कट परत आले होते. म्हणजे आकार सांगतो की शिवणाऱ्याला कुठला काळ आवडत होता. तो कुठल्या काळात शिवत होता, हे सांगते चेन, शिवण आणि लेबल.

चेनपासूनच सुरुवात करू. आजच्यासारखी दातेरी चेन गिडियन सुंडबॅक या इंजिनिअरने १९१३ मध्ये तयार केली, पण बायकांच्या ड्रेसमध्ये ती रुळायला तीसचं दशक संपत आलं. त्याआधी हूक, बटणं, टिचबटणं. चाळीस आणि पन्नासच्या दशकात चेन धातूची असायची आणि बऱ्याचदा डाव्या कुशीत, काखेखाली लावलेली. नायलॉनची वेटोळी चेन ड्रेसमध्ये सर्रास दिसायला लागली ती साठच्या दशकात. माझ्या ड्रेसची चेन नायलॉनची, पाठीवर. पहिला धक्का.

मग शिवण. जुन्या तयार कपड्यांत कापडाच्या कडा बऱ्याचदा नागमोडी कात्रीने कापलेल्या असतात, म्हणजे सुतं निघत नाहीत. ओव्हरलॉकचं मशीन तसं १९व्या शतकातलं, पण ड्रेसच्या आतल्या शिवणींवर ते सगळीकडे दिसू लागलं साधारण साठच्या दशकापासून. त्यामुळे ओव्हरलॉक हा पक्का पुरावा नाही, पण संशय घ्यायला पुरेसा आहे. आणि हो, मायाही बघा. जुन्या कपड्यांत ती भरपूर सोडलेली असायची, कारण ड्रेस एका हंगामात फेकायचा नसायचा. बाई जाड झाली, बारीक झाली किंवा धाकट्या बहिणीला द्यायचा झाला, तरी तो उसवून पुन्हा शिवता यायला हवा होता.

सगळ्यात जास्त बोलतं ते लेबल. अमेरिकेत कापडात कुठला धागा किती टक्के आहे हे लिहिणं बंधनकारक करणारा कायदा मार्च १९६० पासून लागू झाला. कपडा कसा धुवायचा हे सांगणारं कायमचं लेबल १९७२ पासून सक्तीचं झालं. त्याआधीही काही कंपन्या स्वतःहून सूचना लिहीत, पण टक्केवारी आणि धुण्याच्या सूचना दोन्ही व्यवस्थित असतील, तर पन्नासचं दशक विसरा. माझ्या ड्रेसवर ‘६५ टक्के पॉलिस्टर, ३५ टक्के कॉटन’ लिहिलं होतं आणि खाली थंड पाण्यात धुवा वगैरे सगळी गीता होती.

इथे एक नियम लक्षात ठेवा, तो एकच पुरेसा आहे. कपड्याचं वय त्याच्यावरची सगळ्यात जुनी खूण ठरवत नाही, सगळ्यात नवी खूण ठरवते. आजीच्या ट्रंकेत शिंप्याचं बिल सापडलं आणि त्यावर ‘नये पैसे’ लिहिलेलं असलं, तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधीचं असू शकत नाही, कारण तोवर आण्यांचा हिशोब होता. आणि १९६४ मध्ये त्यातला ‘नये’ गेला, म्हणजे बिल बहुधा त्यानंतरचंही नाही. बघा, एका शब्दावरून बिल सात वर्षांच्या चौकटीत बसलं. ड्रेसचंही असंच असतं. ‘याच्या आधीचा नाही’ आणि ‘याच्या नंतरचा नाही’ अशा दोन भिंती शोधायच्या.

माझ्या ड्रेसची पहिली भिंत १९७२ च्या आसपास. दुसरी भिंत सापडली ती कुशीतल्या शिवणीत दडलेल्या, नखाएवढ्या दुसऱ्या लेबलवर. ते होतं इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियनचं. १९०० मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली ही कपडे शिवणाऱ्या कामगारांची संघटना १९९५ मध्ये दुसऱ्या संघटनेत विलीन झाली. म्हणजे ड्रेस १९७२ ते १९९५ मधला. घेराचा आकार धरला तर बहुधा ऐंशीच्या दशकातला. या लेबलवरची अक्षरंसुद्धा बोलतात. नुसतं ‘एएफएल’ असेल तर ते १९४० ते १९५५ मधलं, आणि ‘एएफएल-सीआयओ’ असेल तर त्यानंतरचं, कारण अमेरिकेतले हे दोन मोठे कामगार महासंघ डिसेंबर १९५५ मध्ये एक झाले.

हे शोधता शोधता मी आणखी एका ठिकाणी जाऊन पोचले. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट या कारखान्याला आग लागली आणि १४६ कामगार गेले. बहुतेक स्थलांतरित मुली, कित्येक जणी तुमच्या-माझ्याच वयाच्या. एक दरवाजा कुलूपबंद होता. त्या आगीनंतर कारखान्यांच्या सुरक्षेचे कायदे बदलले आणि या मुलींच्या संघटनेला बळ मिळालं. माझ्या कुशीतलं ते नखाएवढं लेबल म्हणजे त्या भांडणाची पावती होती. २,६०० रुपयांत मला पन्नासचं दशक मिळालं नाही, पण हे मिळालं, आणि विकणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता!

ब्रिटनमधले जुने कपडेही असेच बोलतात. दुसऱ्या महायुद्धात तिथे जून १९४१ मध्ये कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. सरकारमान्य, स्वस्त आणि टिकाऊ कपड्यांवर ‘सीसी४१’ अशी खूण असायची. खिसे किती, चुण्या किती, बटणं किती, यावर सरकारी मर्यादा आल्या. ही खूण १९५२ पर्यंत चालली. त्यामुळे त्यातला ४१ आकडा बघून ‘१९४१ चा ड्रेस’ म्हणणारा विक्रेता भेटला, तर गोड हसा आणि पुढचे प्रश्न विचारा.

आता तुम्ही म्हणाल, आवडला, घातला, विषय संपला. एवढी चिरफाड कशाला? मान्य आहे. ऐंशीचा ड्रेस पन्नासच्या ड्रेसपेक्षा कमी सुंदर असतो असं मी म्हणतच नाही. पण पन्नासच्या नावाने जास्त पैसे घेतले असतील, तर तो हिशोबाचा प्रश्न आहे. बाजारात साधारण वीस वर्षांपेक्षा जुन्या कपड्याला व्हिंटेज म्हणतात. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांच्या बारशाचा झबलासुद्धा आज व्हिंटेज आहे. एवढ्या ऐसपैस शब्दाला किंमत द्यायची असेल, तर सोबत दशक हवं आणि दशकाला पुरावा हवा.

दुसरी बाजू जास्त दुखरी आहे. माझ्या एका मैत्रिणीने आजीचं जुनं पोलकं कापून टोट बॅगेला ठिगळ लावलं. नंतर आईने सांगितलं की ते आजीने लग्नाआधी स्वतः शिवलेलं, हाताने काजं केलेलं. बाजारात नकली जुनं आपण पैसे देऊन आणतो आणि घरातलं खरं जुनं कात्रीखाली घालतो, कारण दोन्ही वेळा आपण आत बघत नाही. तुमच्या घरातल्या ट्रंकेत जुन्या कापडाच्या काठावर गिरणीचं नाव छापलेलं असेल. मुंबईतल्या कितीतरी गिरण्या १९८२ च्या संपानंतर पुन्हा धड उभ्याच राहिल्या नाहीत. ते नाव म्हणजेसुद्धा एक भिंतच आहे, आणि कदाचित ती तुमच्या पणजोबांच्या खात्यात विणली गेली असेल.

पुराव्याच्याही मर्यादा आहेत, त्या विसरू नका. चेन बदललेली असू शकते. शेजारी जुन्या टाक्यांची भोकं दिसतात का बघा. घरी शिवलेल्या ड्रेसला लेबल नसतं, आणि शिवणाऱ्या बाईने वीस वर्षं डब्यात जपलेली चेन लावलेली असू शकते. म्हणून एका खुणेवर उडी मारू नका. तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तरच दशक बोला. नाहीतर सरळ ‘अंदाजे’ म्हणा. त्यात कमीपणा नाही.

थ्रिफ्ट पेज चालवणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे, आणि त्यातले निम्मे आपल्याच कॉलेजातले आहेत. मॉडेलचे आठ फोटो टाकता, तसे आतल्या बाजूचे चार टाका: चेन, शिवण, लेबल, खालची दुमड. विकत घेणाऱ्यांनी पैसे पाठवण्याआधी हे चार फोटो मागा. मिळाले नाहीत, तर ‘१९५०ज’ हा शब्द वजा करून किंमत योग्य वाटते का ते ठरवा.

माझा हिरवा ड्रेस मी परत केला नाही. काकांनी माया सोडून तो सैल करून दिला, ऐंशी रुपयांत. कुणी विचारलं तर मी सांगते, बहुतेक ऐंशीच्या दशकातला आहे. आणि कुणी जास्तच रस दाखवला, तर कूस उलटी करून ते लेबल दाखवते.