लाइट गेल्याचे कळायला हवे

गेल्या ज्येष्ठात एका पहाटे साडेचारला दाराची कडी वाजली. पलीकडच्या आळीतल्या निवृत्त गुरुजींचा मुलगा होता. "डॉक्टर, बाबा नीट बोलत नाहीत, गुंगीत आहेत." चाळीस वर्षांच्या विडीने गुरुजींची फुफ्फुसे निकामी केलेली. दोन वर्षांपासून घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. हे यंत्र खोलीतल्या हवेतला नायट्रोजन बाजूला काढून ऑक्सिजन देते आणि सर्वस्वी विजेवर चालते.

जाऊन पाहतो तो पंखा फिरतोय, ट्यूब लागलेली, नाकातली नळीही जागेवर. बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ७४. आणि यंत्र मुके!

वीज रात्री केव्हातरी गेली होती. दिवे-पंखे इन्व्हर्टरवर होते, यंत्र मात्र पॉवर सॉकेटवर. हे सॉकेट बहुतेक घरांत इन्व्हर्टरला जोडलेले नसते. पंखा चालू, तेव्हा वीज आहे असेच सारे समजले. पुष्कळशा यंत्रांना वीज गेल्याचा भोंगा असतो, पण तो आतल्या लहान सेलवर वाजतो. गुरुजींच्या यंत्रातला सेल कधी कोणी बदललाच नव्हता.

दवाखान्यातला सिलिंडर आणून लावला. गुरुजी दुपारी चहा मागू लागले. पण चूक माझीही होती. यंत्र घ्यायला मीच सांगितले, 'दोन लिटरवर ठेवा' म्हणून चिठ्ठीही दिली, मात्र ते कुठल्या सॉकेटला लावणार हे विचारले नाही.

वाचकहो, यावरचा उपाय गल्लीतला वायरमन तासाभरात करून देतो. २३० व्होल्टचा एक रिले, ९ व्होल्टचा सेल, एक बझर आणि प्लॅस्टिकची बंद डबी. वीज असेपर्यंत रिले आतली पट्टी ओढून धरतो आणि बझरचा मार्ग तुटलेला राहतो. वीज गेली की पट्टी सुटते, मार्ग जुळतो आणि बझर सेलवर ओरडू लागतो. खर्च काहीशे रुपयांचा. घरातल्या हौशी मुलाने मात्र यात हात घालू नये, आत २३० व्होल्ट खेळत असतात. ही डबी यंत्राच्याच बोर्डावर, त्याच एमसीबीवर लावायची. दुसऱ्या खोलीत लावली तर यंत्राचा एमसीबी पडल्याचे तिला कळणार नाही. बझर झोपलेल्या माणसाच्या उशाशी हवा; वायर लांब नेता येते. यंत्रच बिघडले तर मात्र ही डबी गप्पच राहील, म्हणून त्याच्या घरघरीकडे कान ठेवावा. दर महिन्याच्या एक तारखेला डबीचा प्लग काढून बझर वाजतो ना, ते पाहावे. न वाजल्यास सेल बदलावा.

बझर वाजल्यावर काय करायचे, हेही आधी ठरलेले हवे. लहान बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटरने तो बारा तास पुरतो. त्याची चावी दोरीने सिलिंडरलाच बांधून ठेवा. एका घरी ती देवघरात सापडली होती! घाबरून प्रवाह वाढवू नका. अशा जुन्या रुग्णांच्या रक्तात जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुंगी वाढते. ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ दिसले की पुरे. यंत्र इन्व्हर्टरवर घ्यायचे असेल तर तो साइन वेव्हचा हवा. पाच लिटरचे यंत्र तीन-साडेतीनशे वॅट खाते, त्यामुळे १५० अॅम्पिअर-अवरची बॅटरी चांगली असली तरी तीनेक तासच धरावेत.

आणि एक सवय मोडाच. लाइट गेली की आपला हात आधी काडेपेटीकडे जातो. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती, कंदील, समई काही नको. उशाशी बॅटरी ठेवा.

गुरुजींकडची डबी गेल्या महिन्यात रात्री दोनदा वाजली. सूनबाईंनी दोन्ही वेळा पाच मिनिटांत सिलिंडर जोडला. गुरुजींची तक्रार एवढीच, की त्या आवाजाने झोपमोड होते.