वय नको, पोती मोजा

मी दाणाबंदरातला दिवाणजी. मशीद बंदरला लागलो, बाजार वाशीला आला तसा मीही आलो. वय एकसष्ट. शेठ म्हणतात, डोळे चालतायत तोवर बसा. बसायला माझं काय जातं? डोक्यावर पंखा, पुढ्यात कॉम्प्युटर, अकराला चहा.

आमच्या टोळीचे मुकादम, आबा, कार्डावर माझ्याहून दोन वर्षांनी लहान. कार्डावर म्हणायचं, कारण आधारला त्यांची जन्मतारीख १ जानेवारी आहे. शाळा न पाहिलेल्या माणसाचं वय अंदाजानंच लिहिलं जातं. छपन्नाव्या वर्षी ते घरी बसले. त्याआधीचं वर्षभर मी त्यांना फळीवर चढताना गाळ्यातून बघायचो. पोतं पाठीवर घेतलं की डावा पाय आधी टाकायचे, उजवा मागून ओढून आणायचे. थप्पीवर पोतं टाकून उतरताना आकडा खांद्याला अडकवायचे आणि बसत बसत खाली यायचे. मागची पोरं तोवर गप्प उभी. घाई कधी कुणी केली नाही.

हिशेब हा माझा धंदा, म्हणून मांडून पाहिला. दिवसाला शंभर पोती, पन्नास किलोची, म्हणजे पाच टन. वर्षाचे अडीचशेच दिवस धरले तरी १,२५० टन. तीस वर्षांचे ३७,५००. सुरुवातीला पोतं क्विंटलचं होतं, तो फरक यात धरलेलाच नाही.

निवृत्तीचा फंड घणसोलीच्या घराच्या कर्जात गेला. मग श्रावणबाळ योजनेचा फॉर्म घेऊन ते माझ्याकडे आले. महिना १,५०० रुपये, पण वय ६५ हवं आणि घरचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत. म्हणजे महिन्याला साडेसतराशे! आबांचा मुलगा रिक्षा चालवतो. फॉर्म तसाच घडी करून त्यांच्या खिशात गेला.

मला कळत नाही ते एवढंच, की आबांनी किती वर्षं ओझं वाहिलं हे सरकारला शोधायला कुठे जायचं आहे? अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणे मजुरी माथाडी बोर्डात भरायची, वर लेव्ही भरायची. आमच्या गाळ्याचा हा भरणा दर महिन्याला मीच करतो, नावानिशी. पंचवीस वर्षांची नोंद दिसली की पंचावन्नाव्या वर्षी पेन्शन सुरू करा, आणि उत्पन्नाची अट काढा.

शेठ म्हणाले, मग उद्या गवंडी मागतील, ऊसतोडवाले मागतील. मागतीलच, आणि त्यांचं खरंच आहे. त्यांची नोंद नीट सापडणार नाही, आमची आहे. मग सुरुवात इथून करा.

शरीर आधी थकतं म्हणून पेन्शनही आधी, हे सरकारला नवीन नाही. जवानाची पंधरा वर्षं भरली की पेन्शन लागू होते, साठीची वाट कुणी बघायला लावत नाही. आणि ते योग्यच आहे. आबांचं गाव पाटण तालुक्यात. तिकडे एकाच घरातला एक भाऊ फौजेत आणि दुसरा माथाडीत, हे नेहमीचं. आबांचा धाकटा भाऊ अडतिसाव्या वर्षी पेन्शन घेऊन गावी आला. सध्या आबांच्या गुडघ्याच्या गोळ्या त्याच्याच पैशातून येतात.