पेपर निवडला गेला परदेशात, पण तिकिटाचे पैसे आधी कोण भरणार?

आपल्या तालुक्यातलं पोरगं पीएचडी करतंय, यात आता नवल राहिलेलं नाही. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिपमुळे शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या घरातली पोरं विद्यापीठाच्या लॅबपर्यंत पोहोचली. पण खरी परीक्षा पुढे असते. तीन वर्षं राबून केलेल्या कामाचा पेपर इटली, जर्मनी नाहीतर जपानमधल्या परिषदेत निवडला जातो, ईमेल येतो, गावात व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचे मेसेज फिरतात. आणि त्याच रात्री घरात हिशेब सुरू होतो.

हा हिशेब काय असतो ते बघू. युरोपला जाण्या-येण्याचं साधं तिकीट, परिषदेची नोंदणी फी, व्हिसा, विमा, चार-पाच रात्रींचं राहणं-खाणं. काटकसर केली तरी दीड लाखाच्या आसपास धरून चाला. केंद्राने २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला होता. त्या भावाने दीड लाख म्हणजे २८ क्विंटल सोयाबीन. बाजारात हमीभाव किती जणांच्या पदरात पडतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग सरकार काही देतं का? देतं. त्याची माहिती गावापर्यंत येत नाही एवढंच.

विज्ञान-तंत्रज्ञानातल्या संशोधकांसाठी केंद्राची मुख्य योजना आहे ‘इंटरनॅशनल ट्रॅव्हल सपोर्ट’. ही पूर्वी एसईआरबी नावाचं मंडळ चालवायचं. २०२३ मध्ये संसदेने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा, म्हणजे एएनआरएफचा कायदा केला आणि हे मंडळ त्यात विलीन झालं. योजनेत जवळच्या मार्गाचं इकॉनॉमी क्लासचं जाण्या-येण्याचं भाडं, विमानतळाचे कर आणि व्हिसा फी मिळते. तरुण संशोधकांना नोंदणी फीही मिळते. नुसतं ऐकायला जाणाऱ्याला पैसे नाहीत. तिथे पेपर मांडायचा असेल, व्याख्यान द्यायचं असेल किंवा सत्राचं अध्यक्षपद असेल तरच अर्जाचा विचार होतो. सीएसआयआर आणि वैद्यकीय क्षेत्रासाठी आयसीएमआर यांच्याकडेही प्रवासाच्या मदतीच्या योजना आहेत. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र अशा विषयांसाठी दिल्लीची आयसीएसएसआर आहे. मराठी, इतिहास, लोककला यावर काम करणाऱ्यांसाठी मात्र दारं फार थोडी, हे आधीच सांगून ठेवतो.

कागदावर हे सगळं बरं दिसतं. अडचण आहे ती पैसे कधी मिळतात यात.

हे अनुदान बहुतेक वेळा परतफेडीच्या स्वरूपात येतं. तिकीट आधी तुम्ही काढायचं, फी तुम्ही भरायची, जाऊन यायचं, मग बोर्डिंग पास, पावत्या, उपस्थितीचं प्रमाणपत्र, संस्थाप्रमुखाची सही असं सगळं जोडून बिल पाठवायचं. ते तपासून पैसे खात्यावर येतात. पगारदार प्राध्यापक क्रेडिट कार्डावर तिकीट काढतो आणि दोन-तीन महिने थांबतो. ज्याची फेलोशिपच वेळेवर येत नाही, त्याने काय करायचं? केंद्राने जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० आणि एसआरएफ ४२,००० केली. आकडा चांगला आहे, पण पैसे दर महिन्याला आले तर. राज्यातल्या फेलोशिपचं काय होतं ते आपण पाहिलंय. २०२३ मध्ये बार्टीचे संशोधक विद्यार्थी आझाद मैदानावर दिवसेंदिवस बसून होते. त्याच वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात, पीएचडी करून ही पोरं काय दिवे लावणार, असा सवाल तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनीच केला होता. नंतर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, ते सोडा. पण ज्याचे आठ महिन्यांचे पैसे थकलेत त्याच्याकडून दीड लाख आगाऊ खर्चायची अपेक्षा ठेवायची, ही गंमतच म्हणायची. शेवटी मग सावकार, सोनं तारण, नाहीतर मामाकडून उसने.

म्हणजे योजना गरिबासाठी बंद आहे असं कुठेच लिहिलेलं नाही. पण तिची रचनाच अशी, की ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्यालाच ती घेता येते. पीक विमा असो की ठिबकचं अनुदान, आधी खिशातून घाला आणि मग फाइलीच्या मागे फिरा, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. इथेही तेच. एएनआरएफच्या कायद्यावेळी पाच वर्षांत ५० हजार कोटींची भाषा झाली, त्यातले ३६ हजार कोटी खासगी क्षेत्रातून यायचे होते. एवढ्या मोठ्या आकड्यात ग्रामीण कॉलेजातल्या शे-पाचशे पोरांना तिकिटाची ७५ टक्के रक्कम आगाऊ देणं अशक्य आहे, हे पटत नाही. सरकारी नोकर दौऱ्यावर जातो तेव्हा त्याला आगाऊ रक्कम मिळतेच की.

दुसरा अडथळा व्हिसाचा, आणि तो खास आपल्या लोकांचा आहे. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो झाली आहे. किमान ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. शिवाय बँकेचं स्टेटमेंट, आणि खर्च घरचे करणार असतील तर त्यांच्या उत्पन्नाचा पुरावा, म्हणजे आयकर विवरणपत्र. आता शेतीचं उत्पन्न करमुक्त. त्यामुळे बापाने आयुष्यात कधी आयटीआर भरलेला नसतो. सातबारा, आठ अ, तहसीलदाराचा उत्पन्न दाखला यांचं वजन आपल्याकडे कितीही असलं, तरी मुंबईच्या व्हिसा केंद्रातल्या खिडकीवर ते मराठी कागद कोण वाचणार? इंग्रजी भाषांतर करून जोडावं लागतं. अशा वेळी अनुदान मंजुरीचं पत्र फार कामाला येतं, कारण खर्च कोण करणार याचं ते अधिकृत उत्तर असतं. पण मंजुरी उशिरा आली तर व्हिसाची वेळ निघून जाते. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी तो गेलाच पाहिजे, आणि निकालाला १५ दिवस, कधी ४५ दिवसही लागू शकतात. दिल्लीत फाइल महिनाभर थांबली की इकडे सगळं गणित कोलमडतं.

बारीकसारीक गोष्टीही पाय अडकवतात. नोंदणी फी यूपीआयने सहसा भरता येत नाही, आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेलं कार्ड लागतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाने नवीन कार्ड फक्त देशांतर्गत व्यवहारासाठी सुरू असतं, बाकीचं आपणच ॲपमधून किंवा शाखेत जाऊन चालू करायचं. तिकिटाचंही तसंच. सरकारी खर्चाच्या प्रवासाला पूर्वी एअर इंडियाची अट असायची. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली. आता सरकारी तिकिटं बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीन ठरलेल्या एजंटांकडून काढायची पद्धत आहे. स्वस्त दिसलं म्हणून मोबाइलवरून दुसरीकडेच बुक केलं आणि मागून बिल अडकलं, असं होऊ नये. तिकीट काढण्याआधी मंजुरीपत्रातली अट वाचा, कळली नाही तर लेखी विचारा.

सरकारच्या पलीकडेही वाट आहे, आणि तिच्याकडे आपली पोरं संकोचाने बघत नाहीत. बऱ्याच चांगल्या परिषदा स्वतःच विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांना मदत करतात. कुठे फी माफ, कुठे राहण्याची सोय, कुठे स्वयंसेवक म्हणून काम केलं तर नोंदणी फुकट. इटलीत त्रिएस्ते इथे अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेलं भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. ते निवडक सहभागींचा प्रवास आणि राहण्याचा खर्चसुद्धा उचलतं. यासाठी आयोजकांना वेळेत अर्ज किंवा साधा ईमेल करावा लागतो. मागितलं म्हणजे भीक नव्हे. अमेरिका-युरोपातले विद्यार्थीही हे अर्ज करतातच.

या सगळ्यात एक टोळधाडही आहे. ‘आंतरराष्ट्रीय परिषद’ नावाने ईमेल येतो, पेपर पाठवला की दोन दिवसांत ‘स्वीकारला’ म्हणून उत्तर, आणि लगेच फीची मागणी. विषय शेतीचा असो, संगणकाचा असो की संस्कृतचा, एकाच हॉटेलात एकाच दिवशी सगळं चालतं. याला खतपाणी कुणी घातलं? यूजीसीच्या २०१८ च्या नियमात प्राध्यापकांना परदेशातल्या सादरीकरणाला ७ गुण, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५, राष्ट्रीयला ३ असा हिशेब होता. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी दोन परिषदांत पेपर वाचण्याची सक्तीही होती. गुण मोजायला लागलात की दुकानं उघडणारच. २०२२ च्या नव्या नियमांत विद्यार्थ्यांवरची ती सक्ती गेली, हे चांगलं झालं. पण काही मार्गदर्शक अजून जुन्याच हिशेबाने पोरांना पिटाळतात. त्यांना हा बदल दाखवा. आणि पेपर पाठवण्याआधी एवढंच बघा, की तुमच्या विषयातल्या नावाजलेल्या लोकांपैकी कुणी त्या परिषदेला याआधी गेलंय का. गेलं नसेल तर पैसे भरू नका.

ज्यांच्या घरात कुणी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे, त्यांनी पासपोर्टचं काम आत्ताच उरकून घ्यावं. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे, तत्काळ हवा असेल तर वर २,००० जास्त. बऱ्याच ठिकाणी मोठ्या पोस्टातच पासपोर्ट केंद्र आहे, मुंबई-पुण्याला जायची गरज पडत नाही. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आधी तपासा. आपल्याकडे वडिलांच्या नावात ‘राव’ कधी असतो कधी नसतो, आणि तेवढ्यावर महिनाभर फाइल फिरते.