शिजले कधी, वाढले कधी?

लोणार तालुक्यातील सोमठाण्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये एकादशीच्या प्रसादानंतर शेकडो भाविक आजारी पडले. झाडांना दोर बांधून सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. अशा वेळी संशय आधी भेसळीवर जातो, कधी तो खराही ठरतो. पण अन्न शिजले कधी आणि वाढले कधी, हे विचारतो कोण? पहाटे शिजवलेला भात दुपारच्या पंगतीपर्यंत झाकून ठेवला, की शिजण्यातूनही तगलेले ‘बॅसिलस सिरियस’ या जिवाणूचे बीजाणू कोमट भातात रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. आचाऱ्याच्या चिघळलेल्या बोटावरचा ‘स्टॅफिलोकोकस’ बासुंदीत तेच करतो. नंतर खळखळून उकळी दिली तर जिवाणू मरतात, विष मात्र तसेच राहते. ना वास, ना आंबटपणा. एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. बहुतेक जण दिवसभरात सावरतात; लहान मुले आणि वृद्ध मात्र शरीरातले पाणी कमी होऊन खचतात. उत्सवाच्या परवानगीत ध्वनिक्षेपकाची वेळ बघतात, स्वयंपाकाची नाही, हे अजबच! शिजवणे आणि वाढणे यांत दोन तासांहून अधिक अंतर असेल, तर अन्न ६० अंशांच्या वर गरम ठेवण्याची सोय अन्न व औषध प्रशासनाने आयोजकांवर सक्तीची करावी.