मुलं विसरत नाहीत

पूर येवो, भूकंप होवो, नाहीतर घरातलं कर्तं माणूस अचानक जावो, आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मुलं काय, लहान आहेत, विसरून जातील!" आमच्या घरातही ते कितीदा तरी म्हटलं गेलंय. (काका-आत्या मंडळी, रागावू नका!) म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, पण मला ते पटत नाही. मूल विसरत नाही. ते त्याबद्दल बोलायचं थांबतं, आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो.

दुसरं वाक्य त्याहून वाईट. कोरोनात वडील गेलेल्या एका मुलाला "आता तूच घरातला कर्ता, रडायचं नाही" असं सांगताना मी ऐकलंय. मुलगा नऊ वर्षांचा!

मग करायचं काय? मला याचं उत्तर कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात दिसतं. १९४० मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं उचलून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ नंतर त्यांची सुटका झाली. त्यातले काही जण इराणमार्गे भारतात पोचले आणि सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. भूक, थंडी, वाटेत गेलेली माणसं... सगळं त्या मुलांनी पाहिलेलं.

आणि छावणीत काय होतं? पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती, नाटकं व्हायची. म्हणजे सकाळी उठून कुठेतरी वेळेवर जायचं होतं, आणि रडायचं झालं तर ते आपल्या भाषेत रडता येत होतं. त्यांचं दुःख त्याने संपलं असं मी म्हणणार नाही. पण त्यातले काही जण म्हातारपणी मुद्दाम कोल्हापूरला येऊन गेले, ते उगाच नाही.

त्याच युद्धात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी लहान मुलांसाठी पाळणाघरं चालवत होत्या. त्यांना दिसलं ते असं, की बॉम्बहल्ल्यात आईजवळ राहिलेल्या मुलांपेक्षा सुरक्षित जागी पण आईपासून दूर पाठवलेली मुलं जास्त कोलमडतात. मग त्यांनी मुलांचे छोटे गट केले आणि प्रत्येक गटाला आईसारखी एक ठरलेली बाई दिली. बस, एवढंच. रोज तोच चेहरा.

आणि आपण? २०१९ आणि २०२१ च्या पुरात त्याच कोल्हापूर-सांगलीकडे शाळांमध्ये निवारा केंद्रं उघडली. बरोबरच होतं, छप्पर आधी. पण शाळा निवाऱ्याला दिली की मुलांचा दिवस कोण चालवणार, हे ठरलेलं असतं का? वर कॅमेरेवाले येतात आणि मुलाला विचारतात, "पाणी आलं तेव्हा तुला काय वाटलं?" जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. संकटातून आलेल्या माणसाला घडलेलं सांगायला भाग पाडू नका, बोलावंसं वाटलं तर शांतपणे ऐका, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मोठ्यांना जे लागू, ते मुलांना नको का?

कुणी म्हणेल, आधी धान्य आणि औषधं, बाकी नंतर. मान्य. पण मी जे मागतेय त्याला पैसे लागत नाहीत. निवाऱ्यातली एक खोली, नाहीतर एक कोपरा, पहिल्याच दिवसापासून मुलांचा. ठरलेली वेळ, गोष्टी, खेळ, आणि रोज येणारी एकच ताई किंवा गुरुजी. भावंडांना एकमेकांपासून तोडायचं नाही. मूल रडलं तर रडू द्यायचं, आणि विचारलं तर खरं सांगायचं, त्याला पेलेल अशा शब्दांत.

घरातल्या संकटालाही हेच लागू आहे. दहाव्या-तेराव्याच्या गर्दीत मूल कुणाच्या मांडीवर बसलंय, तेवढं बघा. कुणाच्याच नसेल, तर तुम्ही खाली बसा.