दुसऱ्या आईचे नाव

औषधांच्या दुकानात मिळणारे ओव्ह्युलेशन किट, लघवी तपासायला देतात तसली निर्जंतुक डबी आणि सुई नसलेली सिरिंज. घरच्या घरी गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या दोन स्त्रियांना साहित्य लागते ते एवढेच. किटवरची रेघ गडद झाली, म्हणजे बीज सुटायची वेळ जवळ आली, की विश्वासातल्या मित्राला निरोप जातो. तो येतो, दुसऱ्या खोलीत जातो, डबी हवाली करतो आणि निघून जातो. वीर्य थंड पडू नये म्हणून डबी अंगाशी धरायची आणि तासाभराच्या आत सिरिंजने ते योनिमार्गात सोडायचे. हे काम बहुधा जोडीदारच करते. जगभरातली समलिंगी स्त्री-जोडपी कित्येक दशके या मार्गाने मुले जन्माला घालत आली आहेत. आपल्याकडे याविषयी बोलणे दबक्या आवाजात चालते आणि त्यामुळेच त्यातले धोके वाढतात. त्यांतला सर्वांत मोठा धोका शरीराचा नाही. तो कायद्याचा आहे आणि त्याची झळ जन्माला येणाऱ्या मुलाला बसते.

या स्त्रिया सरळ दवाखान्यात का जात नाहीत, असा प्रश्न कोणालाही पडेल. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या नियमनाचा कायदा संसदेने 2021 मध्ये केला आणि 25 जानेवारी 2022 पासून तो लागू झाला. वंध्यत्व केंद्रांत काही ठिकाणी चालणाऱ्या मनमानीला त्याने वेसण घातली, हे त्याचे श्रेय. पण या कायद्याच्या लेखी जोडपे म्हणजे मूल होत नसलेले विवाहित जोडपे. एकट्या स्त्रीलाही, ती 21 वर्षांवरील आणि 50 वर्षांच्या आतील असेल तर, ही सेवा घेता येते. ही तरतूद चांगलीच आहे. मात्र तिचा अर्थ असा होतो की दोघींपैकी एकीला केंद्राची पायरी चढता येते ती 'एकटी' म्हणून. दुसरी कोण? मैत्रीण, मावसबहीण, सोबत आलेली कुणीतरी. संमतिपत्रावर तिच्या सहीला जागा नाही. वर्षानुवर्षे एका छपराखाली संसार केलेल्या माणसाला परके ठरवून मगच उपचार सुरू होणार असतील, तर ती पायरी चढावीशी न वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय उपचारांचा खर्च आहे, आणि 'मिस्टर नाही आले?' या प्रश्नाला तोंड देण्याचा शीण आहे. दोन पुरुषांच्या जोडप्याची स्थिती तर याहून बिकट. हा कायदा त्यांना सेवा देत नाही आणि त्याच वर्षीच्या सरोगसी कायद्यात अविवाहित पुरुषाला स्थानच नाही.

केंद्रात जाणाऱ्या स्त्रीला कायद्याचे एक कवच मिळते. वीर्यदात्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस यांसाठी तपासणी होते. जन्मणाऱ्या मुलावरचे सर्व पालकत्वाचे हक्क दात्याला सोडावे लागतात. कायदा बोलतो तो केंद्रांविषयी आणि बीजपेढ्यांविषयी. घराचा त्यात विचारच नाही. त्यामुळे मैत्रीखातर डबी देऊन गेलेल्या त्या मित्राला उद्या मुलाचा बाप ठरवण्याची किंवा त्याने स्वतः तसा दावा सांगण्याची वाट मोकळी राहते. 'माझा काही हक्क नाही, माझ्यावर काही जबाबदारी नाही' असे त्याने स्टॅम्पपेपरवर लिहून दिले, तरी त्या कागदामागे उभे राहणारे एकही कलम आपल्या कायद्यात नाही.

आता पुढचे चित्र पाहा. मूल जन्मते, वाढते, दोघींनाही आई म्हणते. आणि जन्म देणारी आई अपघातात जाते. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमानुसार विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाची नैसर्गिक पालक आई, आणि तिच्यानंतर वडील. म्हणजे ज्याने फक्त मदत केली त्याचा क्रम लागतो आणि जिने मुलाला लहानाचे मोठे केले ती रांगेतच नाही. तिला न्यायालयात जाऊन पालकत्व मागावे लागेल, तेही कदाचित मृत जोडीदाराच्या आईवडिलांशी भांडून. आई हयात असली तरी अडचणी थांबत नाहीत. मुलाच्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर या दुसऱ्या आईची सही कायद्याने पालकाची ठरत नाही. मृत्युपत्र न करता ती गेली तर तिच्या घरात वाढलेल्या त्या मुलाला तिचा वारसा मिळत नाही. तिचे भाऊ, भाचे येऊन घराचा ताबा मागू शकतात.

महाराष्ट्राने या बाबतीत एक पाऊल टाकले आहे, त्याची आठवण येथे करून द्यायला हवी. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या सरकारी कागदपत्रांत त्याच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्याने ठरवला. त्याआधी, 2015 मध्ये, अविवाहित आईला वडिलांचे नाव उघड न करता मुलाचे पालकत्व आणि जन्मदाखला मिळू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. पासपोर्टसाठी एका पालकाचे नाव पुरेसे, हे 2016 च्या अखेरीस मान्य झाले. आई हीच मुलाची पूर्ण ओळख होऊ शकते, हे व्यवस्थेने असे हळूहळू स्वीकारले. ती एका आईपर्यंत पोचली आहे. दुसरीपर्यंत पोचायचे बाकी आहे.

समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हे 6 सप्टेंबर 2018 रोजी ठरले. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात विवाहाचा मूलभूत हक्क मात्र घटनापीठाने मान्य केला नाही. त्याच निकालात दत्तकविधानाच्या नियमाविषयी मतभेद झाला. जोडप्याला मूल दत्तक घ्यायचे तर किमान दोन वर्षांचा स्थिर विवाह हवा, ही अट तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल यांना भेदभाव करणारी वाटली. फक्त विवाहित स्त्री-पुरुषच मुलाला स्थैर्य देऊ शकतात, हे दाखवणारा कोणताही आधार समोर आलेला नाही, असे सरन्यायाधीशांचे म्हणणे होते. उरलेल्या तिघांनी अट कायम ठेवली. फेरविचार याचिका जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. तरीही त्या निकालाने एक काम केंद्र सरकारवर सोपवले होते: अशा जोडप्यांना कोणते हक्क आणि लाभ देता येतील, हे समितीने तपासावे. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली 2024 मध्ये ती समिती नेमली गेली. पुढे संयुक्त बँक खात्याला आडकाठी नाही आणि शिधापत्रिकेसाठी असे जोडीदार एकाच कुटुंबातले मानावेत, असे खुलासे निघाले. ते स्वागतार्हच आहेत. पण मग शिधापत्रिकेवर एका घरातल्या असलेल्या दोन स्त्रिया मुलाच्या दाखल्यापाशी एकमेकींना परक्या का होतात, याचे उत्तर सरकारने दिले पाहिजे.

हा पेच फक्त आपला नाही. ब्रिटनमध्ये 2008 च्या कायद्याने, एप्रिल 2009 पासून, गर्भधारणेच्या वेळी विवाहबद्ध किंवा नागरी भागीदारीत असलेल्या दोघीही मुलाच्या कायदेशीर पालक ठरतात. प्रयत्न घरी झालेला असला तरीही. पण विवाहाची किंवा भागीदारीची नोंदणी केलेली नसेल आणि वीर्यरोपण घरी झाले असेल, तर दाता हाच कायद्याने बाप. नागरी भागीदारीत जगणारी आणि तशी नोंद न केलेली, अशा दोन जोडप्यांची मुले एकाच वर्गात शिकत असतील आणि एकाला दोन आया, दुसऱ्याला मात्र एक आई आणि एक अनोळखी बाप, असे घडते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात याहून वेदनादायी प्रकरण गाजले. एका पुरुषाने 2009 मध्ये दोन स्त्रियांना वीर्य दिले, हक्क आणि जबाबदारी दोन्ही सोडल्याचे लिहूनही दिले. पुढे त्या दोघी वेगळ्या झाल्या, आईला सरकारी मदत घ्यावी लागली आणि राज्य सरकारने पोटगीसाठी दात्याला न्यायालयात खेचले. वीर्यरोपण परवानाधारक डॉक्टरने केलेले नाही, म्हणून करार निरर्थक आणि तो बाप, असे 2014 मध्ये ठरले. दुसरी आई हीच मुलीची दुसरी कायदेशीर पालक, हे न्यायालयाने मान्य करायला 2016 उजाडले. इटलीत 2023 साली पादुआ शहरात 33 मुलांच्या जन्मदाखल्यांवरून दुसऱ्या आईचे नाव काढण्याची कारवाई सरकारी वकिलांनी सुरू केली होती. मे 2025 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने, परदेशात उपचार घेऊन झालेल्या मुलांना जन्मापासून दोन्ही आयांची ओळख नाकारणे घटनाबाह्य ठरवले. या सगळ्या खटल्यांत मोठी माणसे भांडत राहिली आणि मुलांची वर्षे सरत गेली. भारताने तो वळसा घेण्याचे कारण नाही.

हा अग्रलेख घरगुती वीर्यरोपणाची भलामण करण्यासाठी नाही. ताज्या वीर्यातून एचआयव्हीसह अनेक संसर्ग होऊ शकतात. एकदाच केलेली चाचणी पुरेशी नसते, कारण संसर्ग झाल्यावरही काही काळ तो चाचणीत दिसत नाही. त्यासाठीच पेढ्या वीर्य गोठवून ठेवतात आणि दात्याची पुन्हा तपासणी करतात. न धुतलेले वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडण्याचा प्रयत्न तर कोणीही करू नये. त्याने तीव्र कळा येतात आणि जंतुसंसर्ग होतो. इंटरनेटवरून गाठलेला अनोळखी दाता हा आणखी एक धोका. नेदरलँड्समधल्या एका दात्याने पेढ्यांना आणि पालकांना खोटे सांगून पाचशेहून अधिक मुले जन्माला घातली आणि एप्रिल 2023 मध्ये हेगच्या न्यायालयाला त्याला आणखी वीर्यदान करण्यास मनाई करावी लागली. पेढीशिवाय, नोंदीशिवाय हा व्यवहार चालला की सावत्र भावंडांची संख्या मोजणारे कोणी उरत नाही. एक गोष्ट मात्र ओळखीच्या दात्याच्या बाजूने सांगायला हवी. मुलाला पुढे आपले मूळ जाणून घ्यावेसे वाटले तर त्याला उत्तर मिळू शकते. ब्रिटनने एप्रिल 2005 पासून दात्याची निनावी राहण्याची सोय काढून घेतली, ती याच विचाराने. आपल्या पेढ्यांत दाता निनावीच राहतो, आणि त्यावर आपण पुन्हा विचार केला पाहिजे.

'मुलाला बाप नको का?' हा आक्षेप सच्चा असू शकतो, म्हणून त्याला सच्चे उत्तर द्यावे. समलिंगी पालकांच्या घरात वाढलेल्या मुलांचा अभ्यास गेली अनेक दशके होतो आहे. त्यांच्या वाढीत पालकांच्या लिंगामुळे काही उणे पडत नाही, असे त्यातून दिसते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये या आधारावर अशा जोडप्यांच्या पालकत्वाला जाहीर पाठिंबा दिला. मुलांना जे सोसावे लागते ते घराबाहेरच्या तिरस्कारामुळे आणि कागदोपत्री असुरक्षिततेमुळे. या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले आणि ज्यांची बाजू लढवायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, त्या महाराष्ट्राला हा विषय नवा वाटायला नको. मूल नको म्हणण्याचा निर्णय स्त्रीचा असेल, तर हवे म्हणण्याचाही तिचाच आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली आणि सर्वांत तातडीची: गर्भधारणेपूर्वी दोघींनी लेखी संमती नोंदवली असेल तर जन्म देणारीच्या जोडीदाराला जन्मापासून मुलाची पालक माना. हा हक्क विवाहाच्या वादाशी बांधू नका, कारण तो आधी मुलाचा आहे. प्रजनन केंद्रांच्या संमतिपत्रात जोडीदारासाठी जागा करा. पालकत्व न घेण्याची अट दात्यासह सर्वांनी लेखी मान्य केलेली असेल, तर वीर्यरोपण केंद्रात झाले की घरात, यावर दात्याचे बापपण ठरू नये. आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी आपल्या दाराशी आलेल्या दोन स्त्रियांना बाजूबाजूच्या खुर्च्या द्याव्यात. दात्याच्या तपासण्या कोणत्या, कधी, कितीदा, हे न लाजता सांगावे. घरात चालणारी गोष्ट तुमच्या सल्ल्याअभावी थांबत नाही, असुरक्षित तेवढी होते.

कायदा बदलेपर्यंत ज्या जोडप्यांना थांबता येणार नाही, त्यांना एक व्यवहारी सूचना. अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे विवाहाबाहेर झालेल्या मुलाची हिंदू आई आपल्या मृत्युपत्रात मुलासाठी पालक नेमू शकते. गरोदरपण सुरू होताच वकिलाकडे जा, दोघीही मृत्युपत्रे करा, आणि त्यात मुलाचा वारसाही लिहा. दरम्यान, कॅबिनेट सचिवांच्या समितीने आपल्या यादीत शिधापत्रिका आणि बँक खात्यांच्या पुढे पालकत्वाचा मुद्दा घ्यावा. त्या समितीच्या कार्यकक्षेत तो बसतो, आणि त्यासाठी न्यायालयाच्या नव्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.